पहिल्या मिस्सेच्या रांगेत

आमच्या घरात हात पसरायला बंदी होती. तसं कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण मला कळायला लागल्यापासून मी ते पाहत आलो. गावच्या यात्रेहून बाबांचा एखादा दोस्त प्रसाद घेऊन यायचा, तेव्हा बाबा त्याला आधी बसवायचे, पाणी द्यायचे आणि म्हणायचे, ताटलीत ठेव. मग ताटलीतून उचलून खायचे, आवडीनं खायचे. प्रसादाशी त्यांचं भांडण नव्हतं. कुणापुढे ओंजळ करून उभं राहायचं नाही, एवढंच.

याचं मूळ आजोबांपाशी होतं. आजोबा लहान असताना कुठल्याशा देवळाबाहेर सगळ्या पोरांबरोबर ओंजळ करून उभे राहिले. देणाऱ्यानं विटाळ नको म्हणून वरून टाकलं आणि ते ओंजळीत न पडता मातीत पडलं. पुढे आजोबांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि गावात परतल्यावर पोरांना सांगितलं, आता आपला हात कोणासमोर जाणार नाही. बाबांनी ते शब्द जन्मभर पाळले. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की लहानपणी मला तिचा कंटाळा यायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

अशा घरातला मी कॅथलिक धर्मगुरू झालो. आई जालन्याकडची, पिढीजात कॅथलिक, आमच्या तालुक्याच्या मालेगावात मिशनच्या एका लहानशा दवाखान्यात नर्स. बाबा किन्हीराजाजवळच्या आमच्या गावातून ताप आला म्हणून तिथे गेले, आणि ताप उतरल्यावरही जात राहिले. आत्या म्हणते की त्या वर्षी आमच्या घरात जेवढी औषधं आली तेवढी पुढे कधी आली नाहीत. लग्नाच्या वेळी चर्चनं विचारलं, मुलांना कॅथलिक म्हणून वाढवू द्याल का? बाबांनी हो म्हटलं, आणि स्वतः आहे तसेच राहिले. घरात एका भिंतीवर बुद्धाची तसबीर, दुसरीवर क्रूस. मी एकुलता एक. दर रविवारी बाबा आम्हाला मोटारसायकलवर बसवून मालेगावला मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, न्यायचे आणि स्वतः बाहेर निंबाखाली पेपर वाचत बसायचे. पेपर वाचून संपला की उलटा करून परत वाचायचे. नाताळला तेवढे आत येऊन शेवटच्या बाकावर बसत.

मी धर्मगुरू व्हायला सेमिनरीत जातो म्हटलं. आईला भीती वाटली असणार. एकुलतं पोर, लग्न नाही, लेकरंबाळं नाहीत, पुढे शेत कोण पाहणार, हे सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि त्याच चेहऱ्यावर आनंदही मावत नव्हता. बाबांनी विचारलं, कोणी फूस लावली काय? मी नाही म्हटलं. ते शेतात गेले, संध्याकाळी परत आले आणि म्हणाले, "जाय मंग. पन मधातून पळून येऊ नोको." गावात त्यांना लोक चिडवायचे, की बापानं दीक्षा घेतली, पोरगा घेऊन राह्यला, मधातला तूच कोरडा. बाबा हसून म्हणायचे की कोरडवाहू शेतीवालाच आहे मी.

माझ्या गुरुदीक्षेच्या, म्हणजे फादर होण्याच्या सोहळ्याच्या, आदल्या वर्षी आई गेली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. तिनं शेवटचे महिने खाटेवर काढले आणि त्या महिन्यांत तिचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. माझी पहिली मिस्सा. नवा फादर पहिल्यांदा वेदीवर उभा राहून मिस्सा करतो आणि आपल्या हातानं ख्रिस्तप्रसाद वाटतो, ती पातळ पांढरी चकती, जी आमच्या श्रद्धेप्रमाणे ख्रिस्ताचं शरीर असते. रांगेत सगळ्यांत पुढे आई उभी राहते. आईला तेवढं हवं होतं. मी सुटीत आलो की ती विचारायची, किती महिने राहिले? आणि मी पट्‌कन विषय बदलायचो.

दीक्षा मालेगावात मिशनच्या आवारातच झाली. मांडव टाकला होता, अमरावतीकडून बिशप आले होते, आणि आमच्या गावाहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. त्यांतली निम्मी बौद्ध, निम्मी हिंदू. त्यांना हे सगळंच नवीन. रीतीप्रमाणे मी वेदीसमोर पालथा पडलो आणि संतांची प्रार्थना सुरू झाली तेव्हा मागून एक म्हातारी दुसरीला सांगताना मला ऐकू आलं, की पोट्टं दंडवत घालून राह्यलं, आता केव्हा उठन कोन जाने. मला हसू आलं. फरशीला नाक लावून मी हसत होतो, हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

या सोहळ्यात आईनं करायची बरीच कामं असतात. नव्या फादरचा झगा तबकात घालून वेदीपर्यंत आणायचा. दिवा लावायचा. दीक्षेत बिशप तळव्यांना पवित्र तेल लावतात आणि हात ज्या कापडानं बांधतात, ते कापड नंतर आईनं जपून ठेवायचं. मिशनच्या सिस्टरांनी आदल्या दिवशी हळूच विचारलं की आई नाही, तर हे आत्याला सांगू का? बाबा जवळच उभे होते. ते म्हणाले, तिचं जे जे असन ते मी करतो. आणि त्यांनी केलं. नवीन पांढरा सदरा घालून, झग्याचं तबक दोन्ही हातांनी धरून ते वेदीपर्यंत आले, लग्नात नवरदेवाचा बाप येतो तसे ताठ. दिवा लावताना काडी दोनदा विझली, तर तिसरी त्यांनी ओंजळीच्या आडोशानं लावली. कापड घडी करून खिशात ठेवलं. सगळ्या मांडवात ते एकटेच असे होते, ज्यांनी आपलं काम चुकवलं नाही. बिशपांचासुद्धा माईक बंद पडला होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावात पहिली मिस्सा होती. समाजमंदिरासमोरच्या मैदानात मांडव, ग्रामपंचायतीच्या सतरंज्या, आणि मागच्या बाजूला कणकेचे रोडगे भाजायला गोवऱ्या पेटलेल्या. वांग्याच्या भाजीचा वास थेट वेदीवर येत होता. मिशनचे मोठे फादर माझ्या शेजारी उभे होते. लहानपणापासून त्यांनीच मला घडवलं, आणि नियमाच्या बाबतीत ते नाकासमोर चालणारे. ख्रिस्तप्रसादाच्या आधी त्यांनी माईकवरून शुद्ध मराठीत सूचना केली, की ज्यांचा बाप्तिस्मा झालेला आहे अशाच भाविकांनी ख्रिस्तप्रसादासाठी पुढे यावे. इतरांना आशीर्वाद हवा असेल तर त्यांनी छातीवर हात ठेवून यावे. सूचना नेहमीचीच. मी सेमिनरीत शिकलो होतो, मला तीत काही वावगं वाटलं नाही. आजही वाटत नाही. हेच तर दुखणं आहे.

रांग लागली. सगळ्यांत पुढे बाबा.

मला आधी हात दिसले. डाव्या अंगठ्याचं नख मळणी यंत्रात गेलं होतं, ते पुन्हा उगवलं ते वाकडं. ती ओंजळ माझ्या छातीइतक्या उंचीवर आली आणि थांबली. मला मान वर करून तोंड पाहायची गरज नव्हती. माझे बाबा, ज्यांनी जन्मभर कुणापुढे हात पसरला नाही, ते आख्ख्या गावासमोर माझ्यापुढे ओंजळ करून उभे होते.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगायला मला लाज वाटते. बाबांचं काय होईल हे नाही आलं. मोठे फादर पाहत आहेत, हे आलं. पहिल्याच दिवशी आपल्याच बापासाठी नियम मोडला असं म्हणतील, हे आलं. आणि त्याच्याही खाली, आपण आता बरोबर वागणार आहोत याचा एक बारीकसा अभिमान. मी चकती भांड्यात परत ठेवली, हात बाबांच्या डोक्यावर ठेवला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, परमेश्वर तुम्हाला आशीर्वाद देवो. मान वर केली नाही. ओंजळ तशीच होती. मागची बाई अर्धं पाऊल पुढे आली. मी तिच्याकडे वळलो, ख्रिस्ताचं शरीर म्हणालो, ती आमेन म्हणाली, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसलं की बाबांनी हात खाली घेतले. खाली घेऊन सदऱ्याला पुसले. त्यांत काही पडलेलंच नव्हतं तरी पुसले.

मिस्सा संपल्यावर लोक नव्या फादरच्या तेल लागलेल्या तळव्यांचं चुंबन घेतात. गावातल्या बायाबापड्यांना ही रीत ठाऊक नव्हती, पण सिस्टरांचं पाहून त्यांनीही घेतलं. ज्या म्हाताऱ्यांनी मला नागडं खेळताना पाहिलं होतं त्या माझ्या हातांना ओठ लावत होत्या. मोठ्या फादरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, कठीण होतं, पण तू चुकला नाहीस. मला फार बरं वाटलं. पंगत बसली तेव्हा बाबा वरणाची बादली घेऊन वाढत होते. माझ्या पानाशी आले, रोडगा कुस्करला नव्हता तर म्हणाले, चुर ना, वरन टाकतो. वरण टाकलं, वर तूप टाकलं आणि पुढच्या पानाकडे गेले. काही झालंच नाही असं मी ठरवून टाकलं.

दुपारी आत्यानं मला घरामागे गाठलं. ती बाबांची धाकटी बहीण, आईच्या शेवटच्या महिन्यांत तिनंच आईचं सगळं केलं होतं. तिच्या जिभेला हाड नाही, पण त्या दिवशी ती हळू बोलत होती. तिनं सांगितलं की जायच्या आधी आईनं बाबांना जवळ बोलावलं होतं. मी नसली तर त्याच्या पहिल्या मिस्सेले माह्या जागी तुमी जाजा, असं म्हणाली होती. एवढंच. आईला काय अभिप्रेत होतं ते मी सांगू शकतो. ती जन्माची कॅथलिक होती, तिला नियम माहीत होते. पुढच्या खुर्चीवर तुम्ही बसा, लेकराला एकटं वाटू देऊ नका, एवढाच तिचा अर्थ असणार. पण बाबांनी ते आमच्या गावच्या रीतीनं घेतलं. आमच्याकडे पंगतीला कोणी आजारपणानं आलं नाही तर घरचा माणूस त्याच्या वाटचं मागून नेतो, आणि वाढणारा त्याला कोण, कशाला, विचारत नाही. आदल्या दिवशी त्यांनी आईचा दिवा लावला, आईचं तबक आणलं. दुसऱ्या दिवशी आईच्या वाटचं घ्यायला आले. माईकवरची सूचना त्यांनी नीट ऐकली होती, आत्या म्हणाली. पण ती आपल्यासाठी नाही असं त्यांना वाटलं, कारण ते स्वतःसाठी आलेच नव्हते.

"त्यानं आपल्यासाठी कवा हात पसरला काय रे?" आत्या म्हणाली. "तुले तरी समजाले पायजे व्हतं."

मी तिला नियम समजावून सांगायला लागलो. बाप्तिस्मा, श्रद्धा, संस्कार. तिनं अर्ध्यात मला थांबवलं आणि भांडी घासायला निघून गेली.

तिसऱ्या दिवशी मी माझ्या नेमणुकीच्या गावी गेलो, आणि पळवाट मिळालेल्या माणसासारखा तिथेच रमलो. घरी फोन करायचो. सोयाबीन कसं आहे, हरभरा पेरला का, पाणी आहे का. बाबा उत्तरं द्यायचे, माझ्या जेवणाचं विचारायचे. दर रविवारी माझ्यापुढे ओंजळी यायच्या आणि मी त्यांत ख्रिस्तप्रसाद ठेवायचो, आणि प्रत्येक वेळी मान वर करून तोंड पाहायचो. लोकांना वाटायचं, फादर किती प्रेमानं बघतात.

एकदा माझ्या वरिष्ठांपाशी मी पापनिवेदन केलं. त्यांनी विचारलं, यात पाप कुठलं? तुम्ही नियम पाळला. मी म्हटलं, नियम पाळला ते नव्हे. पाळताना बापाकडे पाहिलं नाही. नियम पाळूनही मी त्यांच्या कानाशी वाकून दोन शब्द बोलू शकलो असतो, त्यांचे हात माझ्या हातांत घेऊ शकलो असतो. ती ओंजळ तशी उघडी ठेवायची गरज नव्हती. त्यांनी क्षमा दिली, प्रार्थना सांगितल्या. प्रार्थना म्हटल्या, आणि काही हलकं झालं नाही. ज्याचं देणं लागतो तो माणूस किन्हीराजाजवळ हरभऱ्याला पाणी देत होता.

गेल्या हिवाळ्यात शेवटी गेलो. बाबा शेतातच सापडले, स्प्रिंकलरचे पाइप एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकवत होते. हे दोन माणसांचं काम, ते एकटेच करत होते. मी पँट वर दुमडली आणि दुसरं टोक धरलं. चिखलात चालताना माझा तोल जात होता आणि ते मला हसत होते, की फादरचे पाय बामनावानी मऊ झाले. दोन-तीन पाइप झाल्यावर ते बांधावर टेकले. मी वाटेत मोटारसायकलवर जे पाठ करत आलो होतो ते सुरू केलं. नियम काय आहे, का आहे, आत्यानं मला काय सांगितलं, आईनं काय म्हटलं होतं.  माझं संपल्यावर बाबा म्हणाले की नियम असन तर बरोबरच हाय, कुठं बी नियम असतेच. आपली समजायची चूक झाली, तिचं म्हननं आपन उलटं घेतलं. ते माझी समजूत घालत होते.

मग त्यांनी एक सांगितलं, जे मला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून गावात लोक त्यांना विचारायचे. टोमणा म्हणून नाही, खरंच विचारायचे, की पोरानं सगळ्यायले देल्लं, तुले काहून नाही? आणि बाबा प्रत्येकाला तेच सांगत आले होते. पोरगं घाबरलेलं होतं, पहिला दिवस होता, मान खाली होती, नुसते हात दिसत होते, हाताहातात काय फरक, गावातलं कोणी चुकून रांगेत आलं असं त्याला वाटलं, कळलंच नाही की बाप उभा आहे. रिठदच्या सोयऱ्यांनाही हेच सांगितलं होतं. त्यांनी माझी बाजू इतक्यांदा मांडली होती की ती त्यांना स्वतःलाही पटली होती, जवळजवळ.

जवळजवळच. कारण मग त्यांनी हरभऱ्याकडे पाहत विचारलं, "तवा तू मले वळखलं व्हतं काय?"

मला काय उत्तर हवं होतं ते मी सांगत नाही. त्यांना काय हवं होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. त्यांनी प्रश्न माझ्या तोंडात उत्तर घालूनच विचारला होता. नाही बाबा, गर्दी होती. एवढं म्हटलं असतं तर ते उठले असते, पुढचा पाइप धरला असता आणि रात्री शांत झोपले असते. पण मी इतकी वर्षं एक ओझं वाहत होतो, आणि ते टाकायला मला जागा दिसली. लोकांची पापं ऐकणाऱ्या माणसाला एवढं तरी कळायला हवं होतं, की कबूल करणाऱ्याचं ओझं हलकं होतं ते ऐकणाऱ्याच्या अंगावर पडतं.

"वळखलं व्हतं," मी म्हणालो. "हात पाह्यले तवाच."

बाबांनी मान हलवली. रागावले नाहीत. बराच वेळ नोझलमधला गाळ काडीनं काढत बसले. गाळ निघाला होता तरी काढत होते. मग माझ्याकडे पाहिलं, अगदी साधेपणानं, एखादी अडचण जाणत्या माणसाला विचारावी तसं.

"मंग आता लोकायले काय सांगत जाऊ?"

रविवारी रविवारी प्रवचनं देणारा मी पायाचा चिखल खरवडू लागलो.  ते उठले, आणि पाइपाचं आपल्याकडचं टोक उचलून माझी वाट पाहत उभे राहिले.